हाफटाइमच्या काकू

"काहून?"

हे विचारताना काकू चष्मा कपाळावर चढवायच्या. मॅच पाहायची असली की चष्मा डोळ्यांवर, विचारायचं असलं की कपाळावर. रेफरीनं पिवळं कार्ड दाखवलं की आमचं अख्खं स्टँड त्याच्या खानदानापर्यंत पोहोचायचं. काकू मात्र चष्मा वर करून शेजारच्याला विचारायच्या, "काहून दिलं जी त्यानं?" शेजारच्याला माहीत नसायचं. शिव्या देणाऱ्यांनाही माहीत नसायचं. मग काकू खेळ थांबायची वाट पाहायच्या आणि कडेनं जाणाऱ्या लाइनमनला गाठायच्या. मंगोडे म्हणजे मुगाची भजी विकणाऱ्या मंगोडेवाल्याला त्या विचारायच्या की आज मिरची कमी काहून. मला विचारायच्या की लग्न करून जबलपूरला आलीस तर दुकान काहून टाकलंस. मी म्हणायची, पोट आहे म्हणून. त्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याला उत्तर दिलं तरी पंचाईत, नाही दिलं तरी पंचाईत.

माझं दुकान सदर भागात, मैदानासमोर. जर्सी छापते, शील्ड आणि ट्रॉफ्या बनवते, फ्लेक्सची ऑर्डर घेते. मॅचच्या दिवशी गिऱ्हाईक सगळं मैदानात असतं, म्हणून मीही शटर अर्धं ओढून तिकडे जाऊन बसते. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. आमच्या टीमचा मरून रंग धुतल्यावर किती उतरतो, एवढं पक्कं कळतं.

काकू जबलपुरातल्याच गोरखपूर भागात, आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. मूळच्या अमरावतीकडच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली, तिथूनच रिटायर झाल्या. नवरा गेल्याला बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला. उन्हाची टोपी, बसायला रेग्झिनची चौकोनी गादी आणि पिशवीत शेंगा, असं सामान घेऊन त्या ऑटोनं मैदानावर यायच्या. या वयात फुटबॉल कुठून काढलं, असं मी एकदा विचारलं.

"क्रिकेटमध्ये मला सगळं समजते," त्या म्हणाल्या. "ह्यात काही समजत नाही. म्हणून येते."

आता आमच्या मैदानाची रचना सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. स्टँड म्हणजे सिमेंटच्या तीन पायऱ्या. पुढे दोरी. आमच्या टीमचा बाक पलीकडे आणि समोरच्या टीमचा बाक अलीकडे, आमच्या पायऱ्या संपतात तिथेच. आणि पाण्याचा नळ मैदानात एकच, तोही आमच्या बाजूला, दोरीला लागून.

त्यामुळे हाफटाइमला आमचा असिस्टंट कोच बाटल्यांचा क्रेट घेऊन आमच्यासमोर यायचा. तिशीतला मुलगा, विजय नगरचा. पूर्वी स्वतः खेळायचा, गुडघा गेला तेव्हापासून शिकवायला लागला. पहिल्या मॅचला तो नळ सोडून वाकला आणि काकूंनी चष्मा वर केला.

"क्यों बेटा, वो आठ नंबर को इतना आगे काहून ठेवलं?"

वाक्य अर्धं हिंदीत सुरू होऊन मराठीत संपलं होतं. जबलपूरच्या आम्हा मराठी लोकांचं नेहमी असंच होतं. त्या मुलानं मान वर केली.

"काकू, तुम्ही मराठी?"

"मग काय. सांग ना, काहून?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून मराठीत सांगितलं की आठ नंबरला पुढे ठेवून त्यांचा माणूस अडकवलाय, दुसऱ्या हाफमध्ये तो मागे येणार आणि मोकळ्या जागेत सात नंबर डावीकडून पळणार. आसपास सगळे हिंदी बोलणारे. ट्रेनच्या डब्यात किंवा भाजीवाल्यासमोर आपण जसं बिनधास्त मराठीत बोलतो, तसंच त्यानं सांगितलं. पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि गेला.

काकू मागे वळल्या. आयुष्यभर ट्रंक कॉल जोडलेला आवाज होता तो. मोठा नव्हता, पण शेवटच्या पायरीपर्यंत एकेक शब्द सुटा पोहोचायचा.

"सुनो सब लोग. आठ नंबर अब पीछे आएगा. और सात नंबर बाएँ से भागेगा."

स्टँड खूश झालं. दुसऱ्या हाफमध्ये सात नंबर जागेवरून हलायच्या आधीच आमचे लोक उभे राहून ओरडायला लागले, "बाएँ से, बाएँ से." सगळ्यांना आपण कोच झाल्यासारखं वाटलं.

पुढे तो रिवाजच झाला. हाफटाइमला चहाच्या टपरीवर गेलेले लोक कप हातात घेऊन परत यायचे, आंटीजी काय सांगतात ते ऐकायला. तो मुलगा नळाशी मराठीत सांगायचा, काकू पायऱ्यांना हिंदीत सांगायच्या. मी शेजारी बसून दोन्ही ऐकायची. काकू एकही शब्द इकडचा तिकडे करत नसत. आपल्या मनाचं घालत नसत. नोकरीची सवय.

आमची टीम मात्र हरायला लागली. पहिल्या हाफमध्ये चांगली खेळायची, दुसऱ्यात मार खायची. लोक म्हणायचे, पोरांमध्ये दम नाही, हेड कोच पळवत नाही, कमिटी पोरांना अंडी देत नाही. ज्याला जे सुचेल ते कारण.

आणि मग सीझन अर्धा झाला असताना क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला की असिस्टंट कोचला जबाबदारीतून मुक्त केलं आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात बसायला जागा नव्हती. आमच्या स्टँडचे पुढारी म्हणजे ऑटो पार्ट्सचं दुकान असलेले एक भैया. त्यांना त्या मुलाच्या फोटोचा मोठा फ्लेक्स हवा होता, वर लिहायचं होतं, "न्याय दो". ते गेले आणि तासाभरात दुसरे आले. त्यांचं म्हणणं वेगळं.

"दीदी, आपको पता नहीं. उसने प्लान बेचा है. सामनेवालों से पैसा खाया है."

त्यांना फ्लेक्सवर हवं होतं, "गद्दारों से सावधान". मी दोन्ही कामं घेतली. धंदा आहे. फक्त गद्दारवाल्यांना सांगितलं की फोटो टाकणार नाही, उद्या भानगड झाली तर मशीन माझं आहे. दोन्ही गटांची एकाच गोष्टीवर एकी होती, ती म्हणजे कमिटी नालायक आहे. एका गटाला वाटत होतं की कमिटीनं चांगला माणूस घालवला, दुसऱ्याला वाटत होतं की चोराला इतके दिवस पोसलं.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांना स्टूल दिलं. चष्मा वर गेला.

"काहून काढलं त्याला?"

सगळे एकदम बोलायला लागले. काकूंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"तुम्ही तुम्हाला काय वाटते ते सांगून राहिले," त्या म्हणाल्या. "मी काहून ते विचारून राहिली."

क्लबच्या सचिवांचं सिमेंटचं गोडाऊन गोरखपूरच्या बाजारात. मला त्यांच्याकडे शील्डचे नमुने दाखवायला जायचंच होतं, काकू स्कूटीवर मागे बसल्या. सचिव साहेब तसे सभ्य गृहस्थ. पंखा काकूंकडे वळवला, पाणी मागवलं.

"आंटीजी, वो अंदर की बात है."

"अंदर की ही तो पूछ रही हूँ."

ते हसले, टाळाटाळ केली, पण काकू पाण्याचा ग्लास हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. शेवटी त्यांनी सांगितलं. दुसऱ्या हाफमध्ये आमची टीम जे करणार, ते समोरच्या टीमला आधीच माहीत असायचं. प्रत्येक मॅचला. प्लान तिघांनाच ठाऊक. हेड कोच, असिस्टंट आणि कॅप्टन. बाटल्या भरायच्या निमित्तानं समोरच्यांच्या बाकाजवळ जायचा तो असिस्टंट. मग कोणी सांगितलं असेल, तुम्हीच सांगा.

"देते हुए किसी ने देखा?"

"देखना क्या है, आंटीजी. समझ में आता है."

परतीच्या वाटेवर मला वाटलं, काकूंना सचिवांचं पटलं असावं. पण त्या विचार करत होत्या की हे सांगू शकेल असं माणूस कोण, आणि ते माणूस माझ्या दुकानात जर्सी न्यायला येणार होतं.

आमच्याशी शेवटची मॅच जिंकून गेलेल्या टीमचा कोच माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या पिवळ्या जर्सी तयार होत्या. तो यायचा त्या दुपारी काकू जेवण उरकून दुकानात येऊन बसल्या. तो जर्सीचे नंबर तपासत होता, तेव्हा त्यांनी विचारलं.

"आपको कैसे पता चलता था, बेटा, कि हमारे लड़के क्या करनेवाले हैं?"

तो हसायला लागला. त्याला वाटलं काकू थट्टा करतायत.

"आप ही तो बताती थीं, आंटीजी. हम तो हाफटाइम में बात भी नहीं करते थे, आपकी तरफ कान लगाके बैठते थे. हमारे लड़के बोलते हैं, एक जर्सी आंटीजी को भी देना चाहिए."

मी कापड घडी करत होते, ते तसंच हातात राहिलं. आता तुम्हीच पाहा, इतक्या मॅच मी काकूंच्या शेजारी बसले. समोरच्या टीमचा बाक आमच्या पायऱ्यांना लागून आहे हे मला दिसत होतं. काकूंचा आवाज किती लांब जातो हे कानाला कळत होतं. स्टँडवर एवढी माणसं, त्यातले निम्मे स्वतःला फुटबॉलचे जाणकार समजणारे. एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

काकूंनी कपाळावरचा चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. तो कोच पैसे देऊन गेला. मग त्या म्हणाल्या, "मला कोणी चूप काहून नाही बसवलं?"

"काकू, तुम्हाला कोण चूप बसवणार?"

त्या थोड्या हसल्या. मग लगेच कामाला लागल्या. रडणं वगैरे त्यांच्यात नव्हतं, आणि मलाही रडणाऱ्या माणसाजवळ बसता येत नाही. त्यांनी हिशेब साधा मांडला. नोकरी गेली ती गेली, दुसरी मिळते. पण पैसे खाल्ले म्हणून गेली असं गावभर झालं तर त्या मुलाला मध्य प्रदेशात कोणी शिटीही हातात देणार नाही. त्याला वर्षाची मुलगी आहे. तेव्हा आधी नाव धुवायचं.

रविवारी मॅचच्या आधी त्या पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्याच आवाजात सगळ्यांना सांगितलं. तो मुलगा मराठीत बोलायचा, त्याला वाटायचं घरातलं माणूस ऐकतंय. मी तुम्हाला हिंदीत सांगायची, तुम्ही ओरडायचात, समोरचे ऐकायचे. कोणी काही विकलं नाही.

मला वाटलं, लोक चिडतील. कोणी चिडलं नाही, तेच अवघड झालं.

"अरे आंटीजी, आप दिल पे मत लो," ऑटो पार्ट्सवाले भैया म्हणाले.

"दिल पे नहीं ले रही. जो हुआ वो बता रही हूँ."

"पर ऐसा बोलोगी तो मतलब ये हुआ कि हम लोगों ने टीम को हरवाया."

"हाँ. हमने ही."

भैयांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या पाठीशी त्या मुलाचा माझ्याकडे छापलेला फोटो दोरीला बांधलेला होता, अगदी ताजा.

"आंटीजी, अब तो फ्लेक्स भी लग गया," ते म्हणाले.

दुसऱ्या गटाचंही तसंच. गद्दार सापडल्यामुळे त्यांना बरं वाटत होतं. तो गद्दार म्हणजे सत्तरीची बाई आणि तिच्या मागे ओरडणारे आपण, हे त्यांना नको होतं. दोन्हीकडून काकूंना चहा आला. ऐकून कोणीच घेतलं नाही.

मग काकू थेट कमिटीच्या खोलीत गेल्या. मी सोबत होते. सचिव होते, हेड कोच होता. हेड कोच बाहेरगावचा, कमी बोलणारा माणूस. त्याला मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. मॅचमध्ये तो कधी स्टँडकडे पाहायचाही नाही. काकूंनी सगळं पुन्हा सांगितलं आणि म्हणाल्या, दंड करायचा तर मला करा, मैदानात येऊ देऊ नका, त्याला परत घ्या.

"आपको क्या दंड करेंगे, आंटीजी," सचिव म्हणाले. "आप तो क्लब की इज्जत हैं."

"इज्जत तो उसकी गई है. मेरी कहाँ गई?"

सचिव टेबलावरची पेनं सारखी करत बसले. हेड कोचनं पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याला एकच गोष्ट समजत नव्हती.

"उसने आपको इतना सब बताया? मेरे साथ तो वो दो बात भी नहीं करता था."

काकूंचा चष्मा वर गेला. "आपने पूछा था?"

तो रागावला नाही, हे मला आवडलं. उलट तोच सचिवांना म्हणाला की पैशाची गोष्ट खोटी असेल तर तसं लिहून टाका.

परत घेणं जमलं नाही. नवा माणूस आलेला होता, त्याला काय सांगणार. पण देण्याघेण्याचा कुठलाही प्रकार झालेला नाही, कोचबद्दल कोणी वावगं बोलू नये, असा मेसेज सचिवांनी ग्रुपवर टाकला. टाकेपर्यंत काकू खुर्चीवरून उठल्या नाहीत. "भेज दिया?" असं विचारून त्यांनी माझ्या फोनवर तो आलेला पाहिला, मग उठल्या.

तिथून त्या मला विजय नगरला घेऊन गेल्या, त्या मुलाच्या घरी. मला म्हणाल्या, तू बाहेर थांब. मी स्कूटीवर बसून राहिले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मला ते कळावं असं फार वाटत होतं. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. मी विचारलं, काय म्हणाला?

"त्याच्या बायकोनं चहा चांगला केला होता," काकू म्हणाल्या. "चल."

त्यानंतर त्या मैदानावर आल्या नाहीत. मी दोनतीनदा म्हटलं, या हो, लोक विचारतात.

"आली की तोंड उघडते मी," त्या म्हणाल्या. "माझं मला माहीत आहे."

टीम पुढे लागोपाठ दोन मॅच जिंकली आणि लोक सगळं विसरले. न्यायवाला फ्लेक्स मंगोडेवाल्यानं उन्हासाठी गाडीवर ताणला. त्या उन्हाळ्यात मुलगी येऊन काकूंना नागपूरला घेऊन गेली. गुडघे चालत नव्हते. घर भाड्यानं दिलंय. फोनवर त्या मला विचारतात की जर्सीचा रंग अजून उतरतो का, आणि काहून.

या हिवाळ्यात कटनीची एक टीम आमच्या मैदानावर खेळायला आली. त्यांचा कोच तोच मुलगा. असिस्टंट नाही, हेड कोच. आमच्या लोकांनी त्याला पाहून टाळ्या वाजवल्या, ज्यांनी गद्दार म्हटलं होतं त्यांनीसुद्धा. हाफटाइमला बाटल्यांचा क्रेट घेऊन तो स्वतःच नळावर आला. त्याच्याकडे आता दुसरं कोणी असणार ते काम करायला. त्यानं माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"काकू नाही आल्या?"

"नागपूरला असतात, मुलीकडे. गुडघे."

"अच्छा."

एक बाटली भरली, दुसरी लावली. मी विचारून टाकलं. "तुला माहीत नव्हतं का रे, त्या सगळ्यांना सांगतात ते?"

"पाठ वळवली की ऐकू यायचं ना, ताई." तो नळाकडे पाहत होता. "थांबवायला पाहिजे होतं. पण मी बोललेलं कोणी इतकं नीट पुढे सांगून राहिलं, हे पहिल्यांदाच होत होतं. आमच्या बाकावर तर कोणी ऐकतही नव्हतं. हेच सांगितलं काकूंना त्या दिवशी."

बाटल्या भरून झाल्या. तरी तो उभा होता. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हे त्यालाही ठाऊक आहे, त्याच्या जर्सीही मीच छापायची. मी म्हटलं, "मग आता पुढे काय करणार?"

त्यानं मागे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं आणि हळू आवाजात मराठीत सगळं सांगितलं. तुमचे सगळे डावीकडे धावतात, म्हणून माझा चार नंबर मुद्दाम मागे दडवून ठेवलाय, शेवटी तो तुमच्या मोकळ्या उजव्या कडेनं एकटा वर येईल. क्रेट उचलला आणि गेला.

ऑटो पार्ट्सवाले भैया मागच्या पायरीवरून खाली वाकले. "क्या बोल रहे थे, दीदी?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "घर का हालचाल पूछ रहे थे."

मॅच संपत आली तरी बरोबरी होती. आमचे लोक उभे राहून डावीकडे बोट दाखवत ओरडत होते. तिकडे उजव्या कडेला कटनीचा चार नंबर मोजे वर ओढून सावकाश पळायला लागला. त्याच्याकडे पाहणारी सबंध स्टँडमध्ये मी एकटीच होते.